तीन नंबरच्या खिडकीवरची बर्नाडिन

"नाव नको, नंबर सांग." शर्यतीच्या मैदानावर खिडकीशी जो कोणी यायचा, त्याला बर्नाडिन सोप्को पहिलं वाक्य हे ऐकवायची. नवखा माणूस घोड्याचं नाव घेऊन घोळत बसायचा, हेच नाव आपल्या आजीच्या कुत्र्याचं कसं होतं तेही सांगायचा, आणि मागे रांग शिव्या घालायची. बर्नाडिन चष्म्यावरून बघायची. "बाळा, त्या घोड्यालासुद्धा त्याचं नाव माहीत नाही. नंबर सांग."

नदीकाठच्या आमच्या खोऱ्यात पोलादाचा कारखाना बंद झाला, दगडी कोळशाचा कोक करायच्या भट्ट्या बंद झाल्या, मुलं कमी पडली म्हणून दोन शाळांची एक शाळा झाली, पण शर्यती चालू राहिल्या. बर्नाडिनचं सगळं आयुष्य त्या काचेमागे गेलं. लग्न झालं तेव्हा ती तिथे होती. एमिल, तिचा नवरा, भट्टी बंद झाल्यावर फुप्फुसात अर्धी भट्टी घेऊन घरी बसला, तेव्हाही ती तिथेच होती. विजयी घोडा कोणता हे तिला कधी कळलं नाही आणि कळतं असा आव तिने आणला नाही. तिचं नाव होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. एखादा घोडा ऐन वेळी मागे घेतला जायचा. लंगडला, खोकला, फाटकात शिरायला तयार झाला नाही, काहीही. घोडा पळालाच नाही तर त्याच्यावर लावलेले पैसे परत. माणूस तिकीट घेऊन खिडकीशी यायचा, तोंड उघडायच्या आत बर्नाडिनने नोटा पुढे सरकवलेल्या असायच्या. त्या धंद्यात सभ्यपणा म्हणावा असं एवढंच होतं, आणि ते लोकांना तिच्या हातून मिळायचं.

मग राज्याने सगळ्याच खेळांवर पैज लावायला परवानगी दिली. मैदान एका बाहेरच्या कंपनीने घेतलं. भिंतभर टीव्ही लागले, चामड्याच्या खुर्च्या आल्या, आणि घोड्यांसाठी स्वच्छतागृहाशेजारी एक छोटा पडदा उरला. बर्नाडिनला निळा शर्ट मिळाला आणि तीन नंबरची खिडकी. दोन दिवस शिकवणी झाली. यंत्राचं कुठलं बटण कशासाठी, गिऱ्हाईक रडायला लागलं तर काय म्हणायचं, हसताना दात किती दिसावेत. नियमांचं विचारलं तर शिकवणारा पोरगा म्हणाला, "ते सगळं तिकिटाच्या मागे छापलंय." बर्नाडिनने तिकीट उलटं करून बघितलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. तिने ते परत सरळ केलं. पैज ती पैज, असं तिला वाटलं, आणि पैजेचं तिला कोण शिकवणार होतं?

लोकांनाही तसंच वाटलं. दोन नंबरच्या खिडकीवर पोरगं नखं खात बसायचं आणि तीन नंबरची रांग दारापर्यंत जायची.

त्या वसंतात सेंट सिरिल चर्चच्या तळघरातल्या बायका रांगेत आल्या. दर गुरुवारी या बायका बटाटा-चीज भरलेल्या पिएरोगी वळतात, आपण करंजी वळतो तशा, आणि शुक्रवारी उकडून, कांदा-लोण्यात परतून विकतात. बर्नाडिनही त्यांच्यातलीच. आघाडीवर टिली ह्रुस्का होती. टिली आणि बर्नाडिन पहिलीत एकाच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या गेल्या होत्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. टिलीने बिंगोच्या पलीकडे जन्मात काही खेळलं नव्हतं. पण तळघरातल्या स्वयंपाकाच्या नव्या शेगडीसाठी साठवलेली रक्कम निम्म्यावर अडली होती, आणि तिच्या डोक्यात कॅल हॉलिस्टर शिरला होता.

रिव्हरमेन हा आमचा फुटबॉल संघ, चेंडू हातात घेऊन खेळायच्या फुटबॉलचा, आणि कॅल हॉलिस्टर म्हणजेच रिव्हरमेन. क्वार्टरबॅक तो. चेंडू त्याच्या हातातून सुटला की मगच बाकीच्यांना काम लागायचं. एका शुक्रवारी तो टोपी खाली ओढून चर्चच्या हॉलमध्ये जेवायला आला, दोन ताटं खाल्ली, आणि आपलं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. ताटाची गोष्ट टिलीने पुढे वर्षभर सांगितली.

टिली काचेला नाक लावून कुजबुजली, "बर्ने, सांगायचं कसं असतं गं हे?"

"मोठ्याने बोल टिले. काच आहे ही, कबुलीजबाब ऐकायला फादर नाहीत पलीकडे."

"रिव्हरमेन. सगळं जिंकणार म्हणून लावायचंय. काय भाव आहे?"

"डॉलरला बारा."

"बारा चांगले का?"

"कॅलचा खांदा धड राहिला तर चांगले."

टिलीचा पर्समधला हात तिथेच थांबला. मागून तळघरातलीच जेनेव्हिव्ह म्हणाली, "मी म्हटलं होतं. त्याचा खांदा. मी गाडीतच म्हटलं होतं." जेनेव्हिव्हने सगळं गाडीतच म्हटलेलं असतं.

"आणि तो खेळलाच नाही तर?" टिलीने विचारलं.

"पळालाच नाही तर पैसे परत," बर्नाडिन म्हणाली. मान वरही केली नाही. "ही काय आजची रीत आहे?"

दोघींच्या मागे स्टश उभा होता, भट्टीत एमिलच्या शेजारी काम केलेला. तो म्हणाला, "बर्नी, हे घोड्याबाहेरही चालतं?"

"मी कधी खोटं सांगितलंय तुला?"

"एकदा. लग्नाआधी."

"तेव्हा तू विचारलंसच चुकीचं."

रांग हसली. टिलीने पैसे काचेखालून सरकवले. पुढच्या आठवड्यापर्यंत खोरंभर झालं होतं की कॅलवर निर्धास्त लावा, खेळला नाही तर पैसे परत, बर्नीने सांगितलंय. कंपनीला वाटलं आपल्या जाहिराती फार चांगल्या आहेत.

ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, शुक्रवारी जेवणाच्या वेळी मैदानावरच्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र आलं. कॅल हॉलिस्टर राखाडी शर्ट घालून एका टेबलामागे बसला होता. टोपी नव्हती. टोपीशिवाय तो लहान दिसत होता. म्हणाला, मी थांबतोय. सकाळी उठल्यावर उजवा हात वर जात नाही. मुलीचे केस विंचरता येत नाहीत. म्हणाला, मला आता हे दुखणं नको. आणि पाण्याचा ग्लास उचलला, डाव्या हाताने.

पैजांच्या हॉलमध्ये कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे भावांच्या फळ्याकडे बघत होते. फळ्यावरून रिव्हरमेनची ओळ गायब झाली, आणि परत उगवली तेव्हा बाराचे साठ झाले होते. टीव्हीवर त्याचा तो पाण्याचा घोट अजून संपायचा होता.

"अठ्ठावीस वर्षांचा आहे," स्टश म्हणाला. "अठ्ठाविसाव्या वर्षी माझी पाठ गेली. मी कोणाला टेबलावर बसून सांगितलं?"

"तुझं ऐकायला कोण आलं असतं?" क्लिओ टिब्स म्हणाला. तो बस चालवून निवृत्त झालेला, रोज दुपारी एकच बिअर घेऊन बसणारा.

"रोज सकाळी दुखतं म्हणे."

"दुखणारच. हाडं आहेत."

"त्याला मिळत होते तेवढे पैसे मला दिले असते, तर मी मुंडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं असतं."

"ते तर तू फुकटच ठेवून आलास, स्टश. भट्टीत."

क्लिओ ग्लासाकडे बघत म्हणाला, "मुलीचे केस विंचरता येत नाहीत म्हणाला. ऐकलंत का कोणी?"

"हो हो," स्टश म्हणाला. तो खिशात तिकीट शोधत होता.

पाच मिनिटांत तीन नंबरच्या खिडकीसमोर रांग लागली. कोणी चिडलेलं नव्हतं. लोक थट्टामस्करी करत होते. जेनेव्हिव्हचा नवरा म्हणाला, चला, हे पैसे देवानेच परत पाठवले, बायकोला कळायच्या आत दुसरीकडे लावतो. बर्नाडिनने पहिलं तिकीट घेतलं, यंत्रात घातलं, आणि सवयीने दुसरा हात गल्ल्याकडे नेला.

यंत्राने तिकीट बाहेर ढकललं. पडद्यावर आलं: पैज चालू आहे.

तिने परत घातलं. परत तेच. तिने तिकीट शर्टाला पुसून घातलं.

"बर्नी, गल्ल्याला कडी लागलीय का?" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"थांबा रे. यंत्र आहे, घाबरलंय."

मागच्या दारातून प्रेस्टन आला. प्रेस्टन एकर्ट हा कंपनीने नेव्हाडातून पाठवलेला व्यवस्थापक. बर्नाडिनच्या मुलापेक्षा लहान, आणि उन्हात वाढलेल्या माणसांचे असतात तसे पांढरे दात.

"काय चाललंय, बर्नाडिन?"

"कॅलच्या तिकिटांचे पैसे परत करायचेत. बटण दाखव."

"असं बटण नाही."

"मग लाव. माणसं उभी आहेत."

"बर्नाडिन, पैज संघावर आहे. संघ खेळणार आहे. एक माणूस गेला म्हणून पैज रद्द होत नाही."

"घोडा गेला प्रेस्टन. आता काय खोगीर एकटं पळणार?"

रांगेत कोणीतरी हसलं. प्रेस्टन हसला नाही. काचेकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, "पैसे परत मिळतील असं तुम्ही कोणाला सांगितलं नाही ना?"

बर्नाडिनने काचेपलीकडे बघितलं. रांग आता दोन नंबरच्या खिडकीलाही वळसा घालून गेली होती. तिने ज्याला सांगितलं नव्हतं, असा त्या रांगेत एकही नव्हता.

त्या दुपारी प्रेस्टनने तिला आपल्या खोलीत बसवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. म्हणाला, गिऱ्हाइकाला चुकीचं वचन देणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी त्याच दिवशी घरी पाठवते, आणि त्याच महिन्यात विमा थांबतो. म्हणाला, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता, पण कॅमेऱ्याला कान नाहीत. आणि मग, दार उघडून धरत, "एमिल कसे आहेत?"

एमिल घरात प्राणवायूच्या यंत्राला नळीने बांधलेला असायचा. फेब्रुवारीत त्याला पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती, मग त्याला सरकारी विमा लागू झाला असता. तोपर्यंत ते यंत्र, ती औषधं, ते फुप्फुसांचे डॉक्टर, सगळं बर्नाडिनच्या निळ्या शर्टावर चालत होतं.

टिलीने पैजांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याकडे तक्रार केली. आपण पैसे कसे लावले, कोणी काय सांगितलं, कोण कोण हजर होतं, सगळं लिहिलं. बर्नाडिनला अडकवायचं तिच्या मनात नव्हतं. उलट ती फोनवर म्हणाली, "तू फक्त खरं सांग बर्ने. खात्यातल्या बाई म्हणाल्या, खिडकीवरच्या माणसाने वचन दिलं असेल तर कंपनीला पाळावं लागेल. मग सगळ्यांचेच परत मिळतील. स्टशचेसुद्धा."

"हं," बर्नाडिन म्हणाली. विम्याचं तिने टिलीला सांगितलं नाही. टिलीने विचारलं नाही. टिलीला ते माहीत होतं, पण सुचलं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी सकाळी तिने एमिलला अंडी दिली आणि समोर बसली. यंत्र घरघरत होतं.

"काय करू?" ती म्हणाली.

एमिलने टोस्ट अंड्यात बुडवला. "मला विचारू नकोस."

"तुला नको तर कोणाला विचारू?"

"मी म्हणणार खरं सांग. मग तू खोटं सांगितलंस तर माझं ऐकलं नाहीस असं होईल. आणि खरं सांगितलंस तर..." त्याने नळीकडे बोट दाखवलं. "म्हणून विचारू नकोस. मीठ दे."

तिने मीठ दिलं.

राज्याकडून मिस गोडार्ड आल्या होत्या. थकलेल्या, चपट्या बुटांच्या. प्रेस्टनच्या खोलीत टिली आधीच बसली होती, चर्चला जायचा कोट घालून. बाहेर उकडत होतं, तरी सगळी बटणं लावलेली. बर्नाडिन शेजारच्या खुर्चीवर बसली. टिलीने तिचा हात थोपटला.

मिस गोडार्डनी विचारलं, "श्रीमती सोप्को, हॉलिस्टर खेळला नाही तर पैसे परत मिळतील, असं तुम्ही या बाईंना सांगितलंत का?"

खोलीत थंड हवेच्या यंत्राचा आवाज होता.

"नाही," बर्नाडिन म्हणाली.

"त्या अर्थाचं काही?"

"मी म्हटलं, भाव डॉलरला बारा. आणि तिकीट दिलं."

"घोड्यांच्या शर्यतीत पैसे परत देतात म्हणे. त्यावरून काही बोलणं झालं?"

"घोड्यांचा विषय निघाला नाही."

टिलीचा हात अजून तिच्या हातावर होता. तो तसाच राहिला. काढून घेतला असता तर तिला काय वाटलं ते निदान कळलं असतं.

मिस गोडार्ड टिलीकडे वळल्या. "तुमचं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

टिलीने बर्नाडिनकडे बघितलं नाही. समोर प्रेस्टनच्या टेबलावर कंपनीचं नाव लिहिलेलं पेन होतं, त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असणार. मध्ये काच असते ना."

"तुमच्याबरोबर आणखी चार बायका होत्या असं तक्रारीत आहे."

"त्यांनाही कमी ऐकू येतं."

"चौघींनाही?"

"आम्ही सगळ्या एकाच वयाच्या आहोत," टिली म्हणाली.

मिस गोडार्डनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना कळलं असावं. पण कळलेलं लिहून घेता येत नाही. त्या उठल्या. प्रेस्टन त्यांना दारापर्यंत पोचवून आला आणि बर्नाडिनच्या हातात दोघांच्या जेवणाचं कूपन ठेवलं. "वरच्या हॉटेलात. एमिलना घेऊन या."

"त्याला जिना चढवत नाही," बर्नाडिन म्हणाली.

"लिफ्ट आहे की."

ती टिलीच्या मागे धावली. टिली गाडीचं दार उघडत होती.

"टिले."

"फेब्रुवारीपर्यंत ना?" टिली म्हणाली. "एमिलचं?"

"फेब्रुवारीपर्यंत."

"मला सुचायला हवं होतं. तक्रार करायच्या आधी." तिने कोटाचं वरचं बटण काढलं, आणि तिचा गळा घामाने चमकत होता. "तू मला आधी सांगायला हवं होतंस बर्ने. मी तक्रारच केली नसती. खोटं बोलायची वेळ आली नसती. माझ्यावर तर नाहीच."

"टिले, मी..."

"गुरुवारी ये. बटाटे भरपूर आलेत." दार लागलं.

त्यानंतर तीन नंबरच्या खिडकीवर भांडायला कोणी आलं नाही. लोक येत राहिले. उलट गर्दी वाढली, कारण साठचा भाव बघून नवे पैसे यायला लागले. नव्या क्वार्टरबॅकचं नाव धड कोणाला उच्चारता येत नव्हतं, पण डॉलरला साठ म्हणजे साठ. प्रेस्टन म्हणाला, कॅल थांबला हे कंपनीसाठी वाईट झालं नाही. स्टश आला. नंबर सांगितला, पैसे दिले, तिकीट घेतलं. मग ते उलटं करून, नाकाजवळ धरून, मागची बाजू वाचत उभा राहिला. ओठ हलवत, ओळ न् ओळ. मागची रांगही गप्प थांबली. शेवटपर्यंत वाचून त्याने मान हलवली, "बरं," म्हणाला आणि गेला. एमिलला भेटायला तो पूर्वी रविवारी यायचा. तोही येत राहिला. फक्त बर्नाडिन कामावर असताना यायचा.

गुरुवारी ती तळघरात गेली. तिची खुर्ची तिथेच होती, टिलीच्या शेजारी. पारी लाटून पुढे येत होती, सारणाचे गोळे येत होते. कोणी तिला टोमणा मारला नाही. ज्या टेबलावर फादरांच्या प्रवचनापासून जेनेव्हिव्हच्या सुनेच्या स्वयंपाकापर्यंत कशालाही सोडलं जात नाही, तिथे तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट खुर्चीवर उशी कोणीतरी ठेवली होती. जुन्या शेगडीचा एक बर्नर पेटत नव्हता, म्हणून पाणी उकळायला वेळ लागत होता, आणि त्यावरही कोणी काही म्हटलं नाही.

सप्टेंबर संपत आला. रिव्हरमेननी सगळ्यांना चकवून पहिले तीन सामने जिंकले. भाव साठवरून चाळीसवर उतरला. त्या गुरुवारी जेनेव्हिव्हची सून डेना नवीनच वळायला बसली होती. तिच्या पिएरोगी पाण्यात फुटत होत्या आणि त्यावरून टेबल खूश होतं. डेनाला कुठलंच काही माहीत नव्हतं. ती पिठाळ हाताने केस मागे सारत म्हणाली, "बर्नी, तुम्ही खिडकीवर असता ना? माझा नवरा म्हणतो चाळीस चांगले आहेत, आता लावावेत. तुम्हाला काय वाटतं?"

टेबलावरचे हात थांबले. बर्नाडिनने तोंड उघडलं.

"तिला नको विचारूस, डेना," टिली म्हणाली. आवाज मऊ होता, आजारी माणसाबद्दल बोलतात तसा. तिने वर बघितलंही नाही, कड मुरडत राहिली. "तिला नाही सांगता येत. कामाचं असतं. तिकिटामागे सगळं छापलेलं असतं, ते वाच."

"हो का? सॉरी," डेना म्हणाली.

"अगं, सॉरी कशाला. हे बघ, कड अशी दाब. पाणी लाव बोटाला."

मग जेनेव्हिव्हने आपल्या गुडघ्याचं काढलं. डॉक्टरने काय सांगितलं, आणि हेच आपण डॉक्टरला गाडीत बसून आधीच कसं सांगितलं होतं. टेबल खदखदून हसलं. बर्नाडिनही हसली, पण सगळ्यांच्या मागून, आणि तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं.